तळपायावरचा निळा ठिपका आणि लेकीचं हिमोग्लोबिन

लेकीच्या शीचा रंग रोज वहीत लिहायची सवय मागच्या आठवड्यात मोडली. मोडली म्हणजे मुद्दाम सोडली नाही, लिहायचं राहूनच गेलं आणि चौथ्या दिवशी लक्षात आलं की अरे, तीन दिवस आपण बघितलंच नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा. तेव्हा म्हटलं आता हे सगळं एकदा लिहून काढते, कारण आम्ही यात अडकलो होतो तेव्हा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर शोधायचे आणि मराठीत एक ओळ सापडायची नाही.

आजार काय तर आतड्यांमध्ये रक्तवाहिन्यांच्या जन्मजात गाठी, आणि त्यातून थेंब थेंब रक्त जात राहणं. मी डॉक्टर नाही, जे आमच्या बाबतीत झालं तेच सांगतेय, औषधांचे डोस वगैरे मुद्दामच लिहिलेले नाहीत.

सुरुवात जूनमधली. लेक तेव्हा पाच वर्षांची. जिना चढताना मध्येच बसायची, "आई उचल" म्हणायची, आणि मी ओरडायचे की एवढी मोठी झालीस आता. खडू खाताना दोनदा पकडली. भिंतीचा पोपडा सुटलेला एक कोपरा होता तो तिने चाटून गुळगुळीत केला होता हे तर नंतर कळलं. एक दिवस झोपेत तिचे ओठ बघितले तर चेहऱ्याच्याच रंगाचे, म्हणजे ओठ कुठे संपतात तेच कळेना. १४ जूनला रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ६.९. लाल पेशींचा आकार म्हणजे एमसीव्ही ५८, तोही खूपच कमी, आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, फक्त ४. डॉक्टर म्हणाले लोह कमी आहे, खाण्यापिण्याकडे लक्ष द्या, जंताचं औषध द्या, लोहाचं सिरप तीन महिने. यात चूक काही नव्हती, या वयात लोह कमी असण्याचं कारण बहुतेक वेळा आहारातच असतं.

पण त्याच भेटीत एक वाक्य आलं जे आम्हाला पुढे फार महागात पडलं. "सिरपने शी काळी होईल, घाबरू नका." हे वाक्य खरंच आहे, लोहाने शी काळी होतेच. फक्त ते एकदा डोक्यात बसलं की पुढे कितीही काळी झाली तरी आपण म्हणतो सिरपमुळे असेल. लोहाची काळी शी हिरवट-काळी असते आणि बऱ्यापैकी घट्ट. वरच्या आतड्यातून रक्त जात असेल तर ती डांबरासारखी असते, चिकट, चकाकणारी, भांड्याला चिकटून राहणारी, आणि वास असा की एकदा आला की विसरत नाही. आमच्याकडे दोन्ही प्रकार चालू होते, आणि मी सगळं सिरपच्या खात्यात टाकत होते.

सप्टेंबरमध्ये हिमोग्लोबिन ९.८ झालं. आम्ही खूश. खरं तर आकडा वर आल्यावरही साठा भरायला सिरप आणखी काही महिने चालू ठेवायचं असतं, ते सांगितलंही होतं, पण शाळा, सहामाही परीक्षा, आळस, काय म्हणा, बंद पडलं. सिरप बंद होऊन दोन आठवडे झाले तरी शी काळीच. इथे माझी ट्यूब पेटायला हवी होती. नाही पेटली.

नोव्हेंबरच्या शेवटी ताप आला म्हणून रक्त तपासलं तर ६.१. २ डिसेंबरला ॲडमिट करून रक्त चढवलं. पहिल्यांदा बघणाऱ्यासाठी सांगते, रक्त चढवताना सुरुवातीला अगदी हळू सोडतात, पहिली पंधरा मिनिटं नर्स जवळच असते, नाडी, ताप, अंगावर पुरळ येतंय का ते बघत राहते, आणि लहान पिशवी असली तरी सगळं मिळून तीन-चार तास जातात. संध्याकाळी तिचे कान गुलाबी झाले. मला इतके महिने लक्षातच आलं नव्हतं की कान पांढरे पडले होते.

मग तपासण्यांची रांग. थॅलेसेमिया नाही, सिलियाक (गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडण्याचा आजार) नाही. शीमधलं लपलेलं रक्त शोधायची टेस्ट वेगवेगळ्या तीन दिवशी केली, तिन्ही पॉझिटिव्ह. म्हणजे लोह अंगात मुरत नाहीये असा प्रश्न नव्हता, बाहेर जात होतं. जानेवारीत मेकेल स्कॅन झाला. लहान आतड्याला जन्मजात एक छोटी पिशवी राहिलेली असू शकते, तिच्यात जठराचं अस्तर असेल तर तिथे आम्ल तयार होऊन जखम होते आणि रक्त जातं. या स्कॅनमध्ये टेक्नेशियम नावाचं किरणोत्सारी द्रव्य अगदी थोडं शिरेतून देतात आणि कॅमेऱ्याखाली झोपवून ठेवतात. दुखत नाही, पण पाच वर्षांच्या मुलीला इतका वेळ न हलता झोपवणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. तोही नॉर्मल.

१९ फेब्रुवारीला वरून आणि खालून अशी दोन्हीकडून दुर्बीण, पूर्ण भूल देऊन. दुर्बिणीपेक्षा आदला दिवस वाईट. आतडं धुऊन काढायचं औषध पाण्यात कालवून भरपूर प्यायचं असतं, ती तिसऱ्या ग्लासनंतर तोंड उघडेना, शेवटी नाकातून नळी घालून सोडलं. एक गोष्ट आम्हाला आयत्या वेळी कळली म्हणून तारीख पुढे गेली होती, लोहाचं सिरप दुर्बिणीच्या साधारण आठवडाभर आधी थांबवायचं असतं, नाहीतर शी काळी आणि चिकट राहते आणि आत काही दिसत नाही. तारीख मिळाली की त्याच दिवशी विचारून घ्या.

मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात दोन निळसर उंचवटे दिसले. तुकडा काढला नाही, रक्त थांबणार नाही या भीतीने, आणि ते बरोबरच होतं हे पुढे कळलं. रिपोर्टवर शब्द आला: हिमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ. आम्हाला सांगितलं की लहान मुलांमध्ये असतात, वाढतात आणि सात-आठ वर्षांपर्यंत आपोआप विरून जातात, तोपर्यंत प्रोप्रानोलॉल नावाचं औषध द्यायचं. मी त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोपले. नाव मिळालं, औषध मिळालं, आणि वर ते आपोआप बरं होणारं.

तीन महिने प्रोप्रानोलॉल. मार्चमध्ये रक्त चढवलं, मेमध्ये पुन्हा. विचारलं की डॉक्टर, विरत का नाहीये, तर उत्तर यायचं वेळ लागतो.

५ जूनला चौथ्यांदा रक्त चढवायला गेलो. एव्हाना तिच्या दोन्ही हातांच्या शिरा संपल्या होत्या, प्रत्येक सुईला तीन-तीन प्रयत्न व्हायचे. त्या दिवशी ड्युटीवर एक वयस्कर नर्सबाई होत्या, म्हणाल्या हात राहू दे, पाय बघूया. मोजा काढला, तळवा हातात धरला, आणि सुई बाजूला ठेवून त्या बघतच राहिल्या. डाव्या तळपायाच्या खोलगट भागात तिला एक निळा ठिपका आहे. पहिल्यापासूनच. मसुराच्या दाण्याएवढा. आम्ही त्याला शाईचा डाग म्हणायचो, आंघोळ घालताना मी तो कितीदा घासलाय. बाईंनी अंगठ्याने तो हलकेच दाबला आणि सोडला. तो चपटा झाला, रंग गेला, सुरकुतल्यासारखी कातडी राहिली. आणि मग हळूहळू, म्हणजे आम्ही सगळे श्वास धरून बघतोय इतक्या हळू, तो पुन्हा भरला, आधी कडेने, मग मध्ये, आणि निळा झाला.

"आई, हे जन्मापासून आहे का? असे अजून कुठे आहेत?"

मी म्हटलं जन्मापासूनच आहे, अजून कुठे नाहीत. मग त्यांनी आणि मी मिळून तिला तिथेच पडद्याआड उलटीपालटी करून बघितलं. कानामागे एक, पाठीवर एक, मांडीच्या मागे एक. पाठीवरचा मी डास चावल्याची खूण समजत होते. बाईंनी डॉक्टरांना बोलावलं, डॉक्टरांनी फोटो काढले, आणि रक्त चढून व्हायच्या आत आमच्या हातात दुसऱ्या ठिकाणची चिठ्ठी होती, जिथे रक्तवाहिन्यांच्या दोषांसाठी वेगळा दवाखाना चालतो.

तिथली वेळ मिळाली ११ जुलैची, पाच आठवडे. या पाच आठवड्यांत मी एक काम बरं केलं. फाईल लावली. सगळे रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणे, आणि पहिल्या पानावर हाताने आखलेला तक्ता: तारीख, हिमोग्लोबिन, रक्त चढवलं का, औषध कोणतं. दुर्बिणीचा नुसता छापील रिपोर्ट नको, फोटो आणि व्हिडिओची सीडी मागून घ्या, रेकॉर्ड विभागात अर्ज द्यावा लागतो, आम्हाला मिळायला नऊ दिवस लागले आणि दोन खेपा झाल्या. शिवाय जुन्या फोटोंमध्ये शोधलं तर ती दोन वर्षांची असतानाचा पाण्यात पाय बुडवून बसलेला एक फोटो सापडला, त्यात तळपायावर ठिपका स्पष्ट दिसतोय. तोही छापून फाईलला लावला. नवरा म्हणाला हा फोटो कशाला, हसतील. हसले नाहीत. आजच्या ठिपक्याशेजारी ठेवून तो किती वाढलाय ते मोजलं.

तिथल्या डॉक्टरांनी सीडी बघायच्या आधी लेकीला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं, जीभ, हिरड्या, बोटांच्या बेचक्या, बसायची जागा. सात ठिपके निघाले, एक जिभेखाली. मग सीडी. मग म्हणाल्या, हा हिमॅन्जिओमा नाही, या वेनस मालफॉर्मेशन आहेत, म्हणजे शिरा घडतानाच चुकीच्या घडल्यात. हिमॅन्जिओमा ही गाठ असते, जन्मानंतर काही आठवड्यांत वाढायला लागते आणि मग ओसरते, प्रोप्रानोलॉल तिच्यावर काम करतं. मालफॉर्मेशन जन्मतः असते, मुलाबरोबर वाढते आणि आपोआप जात नाही, तिच्यावर ते औषध काम करत नाही. हा फरक १९८२ साली मलिकन आणि ग्लोवाकी यांनी मांडला, पण तरीही अनेक ठिकाणी रक्तवाहिनीचं काहीही दिसलं की सरसकट हिमॅन्जिओमा लिहायची सवय आहे. आमचे तीन महिने त्या एका शब्दात गेले. राग आला का, तर हो, भरपूर. पण त्याच चुकीच्या शब्दावर मीही शांत झोपले होते, कारण मला तो ऐकायचा होता.

त्वचेवर असे निळे मऊ ठिपके आणि आतड्यात तशाच गाठी, या जोडीला ब्लू रबर ब्लेब नीव्हस सिंड्रोम म्हणतात. दाबल्यावर रबरासारखं लागतं म्हणून १९५८ मध्ये विल्यम बीन नावाच्या डॉक्टरांनी हे नाव दिलं. फार दुर्मिळ. बऱ्याच डॉक्टरांना आयुष्यात एकही पेशंट दिसत नाही, हे ऐकल्यावर पहिल्या डॉक्टरांवरचा माझा राग निम्मा झाला.

रक्त पुन्हा काढलं. डी-डायमर (गुठळ्या विरघळत असल्याची खूण) खूप वाढलेलं, फायब्रिनोजेन (रक्त गोठायला लागणारं प्रथिन) कमी. या फुगलेल्या शिरांमध्ये रक्त साचून राहतं, तिथल्या तिथे गुठळ्या होतात आणि विरघळतात, त्यात गोठायला लागणारा माल संपत जातो. म्हणून कुठल्याही ऑपरेशनआधी हे आकडे बघायचे, आणि आयब्युप्रोफेनसारखी औषधं बंद, तापाला फक्त पॅरासिटामॉल. हे मी शाळेच्या डायरीतही लाल पेनने लिहून दिलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, गरोदरपणात तू काही घेतलं होतंस का. त्यांनी सहज विचारलं असेल, पण मी तर हाच प्रश्न महिनाभर स्वतःला विचारत होते. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर तो विचारला आणि रडले. त्या म्हणाल्या, गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीत टेक नावाच्या जीनमध्ये बदल होतो, २०१७ मध्ये हे सापडलंय, तो सहसा आईकडून येत नाही आणि बापाकडूनही येत नाही, खाण्यापिण्याशी त्याचा काही संबंध नाही. मी हे वाक्य त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि घरी फ्रिजवर लावलं. अजून आहे.

आता विमा. रिपोर्टवर "जन्मजात" शब्द दिसला की विम्यावाले थेट कलम दाखवतात, आमचा कॅप्सूल तपासणीचा (गिळायच्या छोट्या कॅमेऱ्याने आतडं बघण्याचा) अर्ज पहिल्या फेरीत असाच परत आला. मग डॉक्टरांनी दुसरं पत्र दिलं: वारंवार रक्तस्राव, चार वेळा रक्त चढवलेलं, रक्तस्रावाची जागा शोधण्यासाठी तपासणी आवश्यक. सगळं खरंच, फक्त शब्दांचा क्रम बदललेला. त्यावर अपील केलं आणि एकवीस दिवसांनी अर्धी मंजुरी आली. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, कलमाच्या नंबरासकट, अपिलाला तेच उपयोगी पडतं. आमचा मोठा खर्च तीन गोष्टींवर झाला, कॅप्सूल, एमआरआय, आणि नंतरचं औषध, आणि औषधाचा एक पैसाही मिळाला नाही कारण या आजारासाठी ते कागदोपत्री मंजूर औषध नाही.

८ ऑगस्टला कॅप्सूल. लहान आतडं काही मीटर लांब, नेहमीच्या दुर्बिणी दोन्ही टोकांना थोड्याच आत जातात, मधला सगळा भाग अंधारात राहतो. तिथे हा गोळीच्या आकाराचा कॅमेरा जातो, साधारण २६ मिलिमीटर लांब आणि ११ रुंद, स्वतःचा दिवा घेऊन, फोटो काढत. दोन वर्षांवरच्या मुलांना तो चालतो. आम्ही घरी आठवडाभर गिळायचा सराव केला, छोट्या गोळीपासून सुरुवात करून, पण कॅप्सूल हातात घेतल्यावर तिने तोंड असं मिटलं की विषय संपला. मग थोडी भूल देऊन दुर्बिणीनेच ती जठराच्या पुढे नेऊन सोडली. कमरेला रेकॉर्डरचा पट्टा, त्यावर लुकलुकणारा दिवा. दिवसभर ती पट्ट्याकडे बघून "आता कुठे असेल?" विचारत होती आणि पोटावर टॉर्च मारत होती, आतून उत्तर येतंय का बघायला. कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री झाल्याशिवाय एमआरआय करता येत नाही, त्यात धातू असतो. तीन दिवस भांड्यात बघत होते, मला दिसलीच नाही, शेवटी पोटाचा एक्स-रे काढला, आत नव्हती. बघायचं राहिलं असेल तर घाबरू नका, एक्स-रे सांगतो.

रिपोर्ट आला दहा दिवसांनी. लहान आतड्यात अकरा गाठी, तीनवर ताज्या रक्ताचे डाग. एमआरआयमध्ये (२० ऑगस्ट, परत भूल) मोठ्या गाठी पांढऱ्याशुभ्र चमकत होत्या, सर्वांत मोठी साधारण तीन सेंटिमीटर.

२ सप्टेंबरला पोटविकारवाले, सर्जन, रक्तवाले, रेडिओलॉजीवाले अशी एकत्र मीटिंग झाली, आम्हाला शेवटची वीस मिनिटं आत बोलावलं. रस्ते तीन होते. दुर्बिणीतून गाठी बांधणं, जाळणं किंवा इंजेक्शनने सुकवणं, पण या गाठी कधी कधी आतड्याच्या भिंतीच्या आरपार असतात, जाळताना भोक पडू शकतं. ऑपरेशन करून एकेक गाठ काढणं, पण पोट उघडावं लागतं आणि नवीन गाठी पुढे दिसू शकतात. तिसरं, सिरोलिमस नावाचं औषध, जे गाठी नाहीशा करत नाही पण आकसवतं आणि रक्त जाणं थांबवू शकतं. या आजारात त्याचा वापर २०१२ पासून छापून आलाय. सर्जन स्वतःच म्हणाले की आधी औषध, मी पळून जात नाही. मला तो माणूस तिथेच आवडला.

सिरोलिमसची एक गंमत, हे औषध ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं. १९६४ मध्ये तिथे गेलेल्या एका मोहिमेने मातीचे नमुने आणले होते. त्या बेटाचं तिथलं नाव रापा नुई, म्हणून औषधाचं जुनं नाव रापामायसिन. ज्या मुलीला माती खाऊ नको म्हणून मी वर्षभर ओरडले तिला शेवटी मातीतलंच औषध.

सुरू करायला मात्र महिना लागला, कारण हे औषध प्रतिकारशक्ती थोडी दाबतं आणि त्यावर असताना जिवंत जंतूंच्या लसी देता येत नाहीत. कांजिण्यांचा एक डोस राहिला होता, तो देऊन चार आठवडे थांबलो. लसींचं कार्ड पहिल्याच भेटीत दाखवा, आम्ही दाखवलं असतं तर हा महिना वाचला असता. १० ऑक्टोबरला पहिला डोस.

रक्तातली पातळी मोजायला सुई सकाळच्या डोसच्या आधी घ्यायची असते. हे मला माहीत होतं. तरी दुसऱ्या वेळी घाईत मी डोस पाजला आणि मग लॅबला नेलं. आमच्यासाठी ठरलेली पातळी ५ ते १०, रिपोर्ट आला १९. डोस निम्मा करायचं ठरलं, तेवढ्यात ज्युनिअर डॉक्टरांनी विचारलं, सकाळी औषध दिलं होतं का. मी खाली बघून हो म्हटलं. परत सुई, परत पैसे, आणि लेकीचं "पण काल तर दिलं ना रक्त" हे ऐकणं. आता लॅबच्या दिवशी औषधाची बाटली फ्रिजमध्ये आदल्या रात्रीच वरच्या कप्प्यात मागे सरकवते आणि पुढे चिठ्ठी लावते.

१४ नोव्हेंबरला पहाटे पोट दुखायला लागलं. हे दुखणं वेगळं होतं. दहा मिनिटं गुडघे पोटाशी घेऊन किंचाळायची, मग एकदम शांत, अगदी खेळायला लागायची, मग पुन्हा. हिरवी उलटी झाल्यावर मी बॅग उचलली. सोनोग्राफीवाल्यांनी बघताक्षणी सर्जनना फोन लावला. आतड्यात आतडं शिरलं होतं, तीच मोठी गाठ पुढे ओढली जाऊन तिने आतडं आत खेचलं होतं. ही शक्यता सप्टेंबरच्या मीटिंगमध्ये सांगितली होती, पण तेव्हा रक्तस्राव एवढाच विषय डोक्यात होता. हा आजार घरात असेल तर येऊन-जाऊन कळ आणि हिरवी उलटी याला वाट बघायची नसते.

साडेचार तास ऑपरेशन चाललं. आतडं हाताने सोडवलं, काळं पडलं नव्हतं, नशीब. मग सर्जननी पोट उघडलंच आहे तर आत दुर्बीण घालून आतडं तिच्यावर हळूहळू ओवून घेतलं, थिएटरमधले दिवे मालवले, आणि आतला उजेड आतड्याच्या भिंतीतून बाहेर येताना एकेक गाठ निळी दिसत गेली. बाहेर येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा ते स्वतःच थोडे हरखलेले होते. कॅप्सूलने अकरा मोजल्या होत्या, तिथे चौदा निघाल्या. नऊ काढल्या, बहुतेक ठिकाणी पाचरीसारखा छोटा तुकडा कापून टाके, लांबच्या लांब आतडं काढावं लागलं नाही. उरलेल्या पाच अगदी बारीक, त्या औषधावर सोडल्या.

नऊ दिवस दवाखान्यात. पहिले चार दिवस तोंडाने काही नाही, सगळे तिच्या पहिल्या पादण्याची वाट बघत बसलेले. आलं तेव्हा नवऱ्याने खरंच टाळ्या वाजवल्या.

सिरोलिमसमुळे जखम भरायला वेळ लागतो म्हणून ते ऑपरेशनच्या दिवसापासून बंद होतं, १२ डिसेंबरला पुन्हा चालू केलं. पहिल्या दोन महिन्यांत तोंडात फोड आले, इतके की पाणी झोंबायचं, ते डोस थोडा कमी केल्यावर आटोक्यात आले. कोलेस्टेरॉल वाढतं, ते दर तीन महिन्यांनी बघतो. ताप ३८.५ सेल्सिअसच्या वर गेला तर त्याच दिवशी दाखवायचं, रात्र असली तरी. काही अँटिबायोटिक, क्लॅरिथ्रोमायसिनसारखी, आणि बुरशीवरची काही औषधं याची पातळी एकदम वाढवतात, म्हणून घशाला, कानाला कोणीही काहीही लिहून दिलं की मी आधी आमच्या डॉक्टरांना फोटो पाठवते. दोनदा औषध बदललंय.

आता ऑगस्ट संपतोय. मे महिन्यातलं हिमोग्लोबिन ११.६ होतं, परवाचं १२.१, फेरिटिन ३१. ऑपरेशनच्या वेळी चढवलं तेच शेवटचं रक्त. तळपायाचा ठिपका आहे तसाच आहे, फक्त दाबल्यावर पूर्वीइतका टरारून भरत नाही असं मला वाटतं, डॉक्टर म्हणतात मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. औषध किती वर्षं घ्यायचं याचं उत्तर कोणी पक्कं देत नाही, पुढच्या वर्षी हळूहळू कमी करून बघायचं म्हणतात आणि मला त्याची आत्तापासून भीती वाटते.

दुसरी कॅप्सूल ऑक्टोबरमध्ये आहे. लेक आता सात वर्षांची, या वेळी गिळणार म्हणते, रोज रात्री झोपताना पाण्याचा ग्लास घेऊन सराव चालू आहे. परवा शाळेत डोळे तपासायला डॉक्टर आले होते, तर हिने खुर्चीत बसल्या बसल्या बूट-मोजा काढून आधी त्यांना तळपाय दाखवला.